जांभळ्या कापडाखालचा टीव्ही

आमच्या घरात उपवासकाळातला सगळ्यात कडक उपवास टीव्ही करायचा.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस आमच्या वसईतल्या पापडी गावातला प्रत्येक जण काही ना काही सोडायचा. कोणी मटण सोडायचं, कोणी दारू, कोणी चहातली साखर. माझे पप्पा टीव्ही सोडायचे. म्हणजे, आमचा सगळ्यांचा टीव्ही ते सोडायचे! चर्चमध्ये त्या दिवसांत पुतळ्यांवर जांभळी कापडं घालतात, तसंच एक कापड पप्पांनी मम्मीकडून शिवून घेतलं होतं. खास टीव्हीच्या मापाचं, खाली झालर लावलेलं. ते एकदा पडलं की आमच्या दिवाणखान्यात कोणीतरी वारल्यासारखं वाटायचं.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मला व्हीजे व्हायचं होतं. (ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांच्यासाठी: गाण्यांच्या चॅनेलवर दोन गाण्यांच्या मध्ये जी मुलगी येऊन हातवारे करत भराभर बोलते आणि जिचे केस कधीच चपटे होत नाहीत, ती व्हीजे.) नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. पापडीत केबल आली होती आणि केबलबरोबर माझं डोकंही फिरलं होतं. मी केळीच्या खुंटांना गाण्यांची ओळख करून द्यायची. विहिरीवर कपडे धुता धुता काल्पनिक प्रेक्षकांशी बोलायची. आमची शेजारीण कार्मेलआजी, मूळची कळंबची, एकदा कुंपणावरून वाकून मम्मीला म्हणालीसुद्धा, "अगो, तुज्या पोरीवरून मीठ-मिरच्या उतरून टाक. ती कोनाशी बोलते रोज?"

अशात एका चॅनेलने जाहीर केलं, नवे व्हीजे हवेत! पाच मिनिटांची व्हिडिओ कॅसेट पाठवा. अठराच्या आतलं कोणी असेल तर फॉर्मवर पालकांची सही हवी. कॅसेट पोचायची शेवटची तारीख होती उपवासकाळाच्या अगदी पहिल्या आठवड्यात. म्हणजे ज्या आठवड्यात माझे पप्पा टीव्हीवर कापड घालणार, त्याच आठवड्यात मी त्यांना म्हणणार, 'पप्पा, मला टीव्हीत जायचंय, इथे सही करा.'

पप्पा शाळेत शिक्षक होते. सगळी पापडी त्यांना मास्तर म्हणायची. आवाज असा, की वर्गात 'गप्प' म्हटलं की बाहेरच्या झाडावरचे कावळेही गप्प व्हायचे. सहीचा प्रश्न मी पुढे ढकलला. आधी कॅसेट तर होऊ दे!

कॅमेऱ्याची सोय देवानेच केली होती. पास्कूकाका, म्हणजे पप्पांचा धाकटा भाऊ, आखातातून सुट्टीवर आला होता आणि येताना खांद्यावर ठेवायचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला होता. त्यात नेहमीची मोठी कॅसेटच बसायची. काका तो कॅमेरा घेऊन आठ दिवस गावभर फिरला. कोंबड्या काढल्या, वाडीतले मोगरे काढले, मम्मी मासे साफ करताना काढली (त्यावरून भांडण झालं). मग त्याचं मन भरलं आणि कॅमेरा आमच्या शोकेसवर, प्लास्टिकच्या फुलांच्या आणि पप्पांच्या आदर्श शिक्षक ढालीच्या मध्ये, जाऊन बसला.

त्या वर्षी पप्पांच्या डोक्यात भव्य कल्पना आली. एकट्या आपल्याच घराने काय होणार? अख्ख्या पापडीने टीव्ही सोडला पाहिजे! उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मिस्साच्या प्रार्थनेनंतर त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये भाषण ठेवलं. विषय, 'टीव्हीपासून चाळीस दिवस मुक्ती'. आणि आदर्श घालून द्यायचा म्हणून आमच्या टीव्हीवर कापड आठवडाभर आधीच पडलं.

भाषणाला अकरा माणसं आली. त्यातली आम्ही चार. बाकी पापडी घरी होती, कारण रविवारी सकाळी टीव्हीवर चांगले कार्यक्रम असायचे.

पप्पा खचले नाहीत. पास्कूकाकाने पूर्ण भाषण कॅमेऱ्यात घेतलं होतं. पप्पा म्हणाले, "लोक हॉलमध्ये येत नाहीत ना? मग आपण लोकांच्या घरात जाऊ. हे केबलवर दाखवू!"

"दादा," काका हळूच म्हणाला, "टीव्ही बघू नका हे सांगायला तू टीव्हीवर जाणार?"

"काट्याने काटा काढायचा, पास्कू!"

आमच्या भागाचा केबलवाला इनास हा पप्पांचा जुना विद्यार्थी. चौथीत असताना पप्पांनी त्याला एकदा बाकावर उभं केलं होतं, तेव्हापासून तो पप्पांना कशालाच नाही म्हणू शकत नव्हता. त्याच्या घराबाजूच्या खोलीत दोन व्हीसीआर होते. तो कॅसेट लावेल ते सगळ्या पापडीला दिसायचं. ठरलं! मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मास्तरांचं भाषण घराघरात.

मी इनासला गाठलं. "इनासदादा, त्या कॅसेटवर पप्पांच्या भाषणानंतर माझं पाच मिनिटांचं असणार आहे. भाषण संपलं की लगेच बंद कर. आणि माझं तेवढं दुसऱ्या कॅसेटवर उतरवून दे. पण पप्पांना सांगू नकोस."

"फिकर नॉट!" इनास म्हणाला.

सोमवारी दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडून कॅसेट पुढे पुढे नेली, पप्पांचं 'धन्यवाद' ऐकलं आणि बरोब्बर तिथे थांबवली. मग आत तयार व्हायला गेले. पप्पांचा लग्नातला ब्लेझर, काकाचा गॉगल आणि केसांना अर्धी बाटली जेल. ह्या सगळ्याला अर्धा तास लागला.

त्या अर्ध्या तासात मम्मी दिवाणखान्यात आली. कॅमेरा टीव्हीला जोडलेला. तिला वाटलं, बघूया तरी आपण पहिल्या रांगेत कशा दिसत होतो. नवी साडी नेसली होती ना! तिने कॅसेट मागे नेली, पहिल्यापासून लावली. पाच मिनिटं बघितली. आणि वसईतली वीज वसईतल्या विजेसारखी वागली. गेली! मम्मीने "जळ्ळी मेली लाइट" म्हटलं, टीव्हीवर कापड नीट घातलं, आणि पाण्याची पाळी होती म्हणून वाडीत निघून गेली. हे मला कळलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजून सहा मिनिटांनी.

मी बाहेर आले तर वीज नाही. म्हटलं, बरंच झालं, अडथळा नको. कॅमेऱ्याला बॅटरी लावली, शोकेसवर ठेवला, काकाने शिकवलं होतं तसं लाल बटण दाबलं. ते बटण एकच होतं. एकदा दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद.

"हाय वसई! मी आहे तुमची लिन!" (माझं नाव लिनेट. पण व्हीजेला लिनेट म्हणायला वेळ नसतो.)

मी अशी सुटले, की विचारू नका. चॅनेलने लिहिलं होतं, 'तुमची स्वतःची शैली दाखवा'. माझी शैली म्हणजे नकला. मी हवामानाचा अंदाज आमच्या फादरांच्या प्रवचनाच्या चालीत दिला. दर दोन शब्दांनी तो त्यांचा विशिष्ट खोकला. मग प्रसिद्ध व्यक्तीची मुलाखत. प्रसिद्ध व्यक्ती पप्पा! ब्लेझरची बटणं लावली, गॉगल नाकाच्या शेंड्यावर आणला, तर्जनी वर केली.

"सर, आपलं आवडतं गाणं कोणतं?"

"शिस्त!"

"आणि आवडता गायक?"

"जो गात नाही, तो!"

तेवढ्यात बाहेर पप्पांच्या सायकलची घंटी वाजली. अर्धा तास आधी! मी शोकेसकडे झेप घेतली, बटण दाबलं, नीट दाबलं गेलं की नाही म्हणून खात्रीसाठी परत दाबलं, आणि ब्लेझरसकट मागच्या दाराने पळाले ती थेट विहिरीमागे. संध्याकाळी बघितलं तर कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती. मी म्हटलं, जुनी असेल, आणि कॅसेट न बघताच इनासला देऊन आले.

मंगळवारी संध्याकाळी आमचा दिवाणखाना भरला. फादर आले. कार्मेलआजी सगळ्यात आधी येऊन सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसली. हॉलमध्ये न आलेली बरीच मंडळी चहा आहे म्हटल्यावर आली. पप्पांनी सगळ्यांसमोर टीव्हीवरचं जांभळं कापड उचललं आणि म्हणाले, "ईस्टरपर्यंत शेवटचं!"

सात वाजले. पडद्यावर पप्पा आले. टाय, करारी चेहरा, मागे चर्चच्या हॉलची पिवळी भिंत.

"बंधूंनो आणि भगिनींनो, टीव्ही हा आपण स्वतःच्या हाताने घरात घेतलेला चोर आहे. तो आपला वेळ चोरतो. आपली मुलं चोरतो..."

"वा," फादर म्हणाले. पप्पांनी खाली मान घालून नम्रपणा दाखवला. पाच मिनिटं सगळं छान चाललं.

"...आणि म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे. माझी स्वतःची मुलगी बघा! माझ्या मुलीला मी असं वाढवलं आहे, की..."

"हाय वसई! मी आहे तुमची लिन!"

मला वाटलं माझं हृदय बंद पडलं. पडायला हवं होतं, पण पडलं नाही. पडद्यावर मी, पप्पांच्या ब्लेझरमध्ये, डोक्यावर जेलचं घरटं घेऊन! मम्मीने तोंडावर हात ठेवला. तिला त्याच क्षणी लक्षात आलं की तिने कॅसेट पुढे नेलीच नव्हती. "बाई गं, ती लाइट..." एवढंच ती पुटपुटली.

फादरांची नक्कल सुरू झाली. फादर पुढे सरकून बघत होते. "मी असा खोकतो?" त्यांनी विचारलं आणि खोकले. तसेच! कार्मेलआजी खुर्चीत मागे पडून हसायला लागली.

मग पप्पांची मुलाखत. "शिस्त!" पडद्यावरचे पप्पा म्हणाले.

"बंद कर!" खोलीतले पप्पा म्हणाले. तर्जनी वर. अगदी तशीच.

मी धावत जाऊन टीव्ही बंद केला. खोलीत शांतता पसरली. आणि त्या शांततेत उजव्या खिडकीतून आवाज आला, "जो गात नाही, तो!" डाव्या खिडकीतून थोडा उशिरा कुणाचं तरी हसणं आलं. मागून पण. समोरून पण. आमचा टीव्ही बंद होता, पण पापडीचे सगळे टीव्ही चालू होते!

"इनास कुठे आहे?" पप्पा ओरडले. "पास्कू, जा! बंद करायला सांग!"

काका पळाला आणि मिनिटभरात धापा टाकत परत आला. "खोलीला कुलूप आहे! कॅसेट लावून तो सातिवलीला गेलाय, मेव्हण्याच्या कारखान्यातून वायरीचं भेंडोळं आणायला! चावी त्याच्या खिशात!"

इनासची चूक नव्हती. पप्पांचं भाषण चाळीस मिनिटांच्या खाली कधी संपलं नव्हतं. तो आरामात परत आला असता.

"लाव लाव, परत लाव," कार्मेलआजी म्हणाली. "आपल्याच घरातलं आपल्यालाच दिसत नाय, ह्याला काय अर्थ!"

मी टीव्ही परत लावला. पडद्यावर आता आमचा रिकामा दिवाणखाना होता. मी पळून गेल्यानंतरचा. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "संपलं वाटतं," फादर म्हणाले. मीसुद्धा हायसं वाटून भिंतीला टेकले.

आणि पडद्यावर दार उघडलं आणि पप्पा आत आले.

मला काही कळेना. पण पप्पांना कळलं. सगळ्यांच्या आधी, एका क्षणात कळलं. ते उठले आणि टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले, हात पसरून, कबड्डीतल्यासारखे.

"मास्तर, बाजूला व्हा की!" मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"यात बघण्यासारखं काही नाही."

"बाजूला व्हा, मास्तर," फादर म्हणाले. फादरांचं पप्पा ऐकायचे.

पडद्यावरच्या पप्पांनी सदरा काढून खुंटीला लावला. बनियनवर आले. आधी स्वयंपाकघरात डोकावले, मग खिडकीतून वाडीकडे पाहिलं, मग मागच्या दाराला कडी घातली. (मी तेव्हा विहिरीमागे होते. कडी का लागली म्हणून मी अर्धा तास डोकं खाजवत होते.) घरातला पंखा फिरायला लागला, म्हणजे वीज आली होती. पप्पा टीव्हीकडे आले. जांभळं कापड दोन बोटांनी उचलून त्यांनी मागे टाकलं, टीव्ही लावला आणि आवाज पूर्ण बंद केला. मग खुर्ची ओढून पडद्यापासून हातभर अंतरावर बसले.

दुपारची मालिका! ती एका सुनेची होती. तिला सासू रोज घराबाहेर काढायची आणि ती रोज उंबऱ्यावर थांबून मागे वळून बघायची. पापडीतली प्रत्येक बाई ती बघायची. आवाज बंद असल्यामुळे मालिकेचं काही ऐकू येत नव्हतं. फक्त पप्पांचं ऐकू येत होतं.

"नको जाऊ गं बाई... थांब जरा... अगं, त्याला खरं सांग ना! पत्र दाखव!" खुर्ची आणखी पुढे ओढली. मग, "मेला नालायक, समोर उभा राहतो आणि बोलत नाही!"

आणि पप्पा रडायला लागले. हळूहळू नाही, हमसून हमसून! रुमाल सापडेना म्हणून त्यांनी मागे हात नेला, हाताला लागलं ते टीव्हीवरचं जांभळं कापड, आणि त्याच्या झालरीने त्यांनी डोळे पुसले, नाकही पुसलं.

आमच्या दिवाणखान्यात कोणी हसलं नाही. बाहेर मात्र पापडी हसत होती. सगळीकडून, खिडक्याखिडक्यांतून, लाटेसारखं. मी पप्पांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. त्या क्षणी मला माझ्या व्हीजेपणाचा इतका राग आला, की वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

"पास्कू!" मम्मी कडाडली. "कोयता घे!"

केळीचा घड उतरवायचा कोयता घेऊन काका अंधाऱ्या बोळातून इनासच्या खोलीकडे धावला आणि खोलीतून बाहेर येणारी जाड केबल त्याने एका घावात तोडली. पापडीतल्या सगळ्या टीव्हींवर एकदम मुंग्या आल्या. हसणं थांबलं. मग घराघरांतून एकच ओरड उठली, "अरे! लावा! पुढे काय झालं?"

फादर उठले. पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता प्रार्थना म्हणतील. फादर म्हणाले, "मास्तर, ती पत्र दाखवते का शेवटी? सोमवारी आमच्याकडची वीज उशिरा आली."

पप्पांनी मान हलवली. "नाही दाखवत," ते खोल आवाजात म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मम्मीने भांडी आवरता आवरता एवढंच म्हटलं, "दरवर्षी मला माहीत असतं. दुपारी वाडीतून आले की टीव्हीच्या डोक्यावर हात ठेवते. गरम असतो." पप्पा जेवले नाहीत. मी त्यांच्या ताटाकडे बघून मनातल्या मनात व्हीजेचा फॉर्म फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावून लोक चर्चच्या आवारात उभे होते. कोणी पप्पांकडे बघून खाकरत होतं, कोणी जांभळ्या रंगाचा रुमाल दाखवत होतं. आणि माझे पप्पा, ज्यांना मी आयुष्यात कधी चूक कबूल करताना बघितलं नव्हतं, चर्चच्या पायरीवर चढले.

"मी तुम्हाला जे सोडायला सांगितलं, ते मला स्वतःलाच सुटत नाही," ते म्हणाले. "अवघड आहे. मला वाटायचं, तुम्हालाच अवघड आहे. आज मी परत सुरुवात करतो. ज्यांना जमेल त्यांनी माझ्याबरोबर या. ज्यांना नाही जमलं, त्यांनी येऊन सांगा, आपण एकमेकांना सांभाळू."

कोणी हसलं नाही. आमची कार्मेलआजी पुढे आली. "मास्तर, माजं नाव लिवा. पन शनवारचं सोडून." मग आणखी बायका आल्या, मग पुरुष. नावं लिहायला वही पुरेना. तसंही टीव्ही सोडायला फार त्रास पडला नाही, कारण काकाने तोडलेली केबल जोडायला इनासला पुढचे पाच दिवस लागले. पप्पांच्या मोहिमेला इतकं यश कधीच मिळालं नव्हतं.

त्या संध्याकाळी पप्पांनी मला बोलावलं. माझ्या हातात फाटका फॉर्म होता, चिकटपट्टीने जोडलेला. (मनातल्या मनात फाडून समाधान झालं नाही, म्हणून मी खराही फाडला होता. सकाळी पायरीवरचं ऐकून परत जोडला.)

"मी खरंच बोट असं करतो?" त्यांनी बोट वर करून विचारलं.

"हो, पप्पा."

"आणि 'शिस्त' असं म्हणतो?"

"थोडं जास्त जोरात."

त्यांनी बोट खाली घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या वयाचा असताना मला नाटकात काम करायचं होतं. गुड फ्रायडेच्या नाटकात मला येशूच्या शिष्याचं, पेत्राचं काम मिळालं होतं. तुझे आजोबा म्हणाले, शिक्षकाच्या पोराने रंग फासायचा नाही. मी तीन दिवस रडलो होतो." त्यांनी खिशातलं पेन काढलं. "तू चांगलं बोलतेस, लिनेट. मला राग आला, पण तू चांगलं बोलतेस." आणि त्यांनी सही केली. शिक्षकाची सही, गोल आणि स्वच्छ, खाली तारीख टाकून. मला इतका आनंद झाला, की मी रडले. आमच्या घरात रडण्याचं रक्तातच आहे.

इनासने माझा भाग दुसऱ्या कॅसेटवर उतरवून दिला. मी वेळेत पाठवला. तो भाग किती उतरवायचा हे मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याने पूर्ण उतरवला, बॅटरी संपेपर्यंतचा. विचारलं तर म्हणाला, "कुठे कापू? सगळंच एक नंबर होतं."

दोन महिन्यांनी चॅनेलचं पत्र आलं. चांगल्या जाड कागदावर. पत्रात लिहिलं होतं, की तुमचा उत्साह आवडला, पण सध्या तुमच्यासारख्या मुली आमच्याकडे भरपूर आहेत. खाली दोन ओळी आणखी होत्या. कॅसेटच्या शेवटी बनियनमध्ये रडणारे गृहस्थ कोण? आमच्याच स्टुडिओत एका हातरुमालाच्या जाहिरातीसाठी माणूस शोधतायत, त्यांना इतकं खरं रडणारं कोणी सापडलेलं नाही. ते येतील का?

मी पत्र पप्पांना दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग चष्मा पुसून परत वाचलं. मग अगदी सहज, खिडकीबाहेर बघत विचारलं, "बनियन नवीन घ्यावी का गं?"

तर अशा प्रकारे मी त्या चॅनेलच्या काचेच्या दारातून आत शिरले. ज्या दारातून केस उडवत, हातवारे करत शिरायचं मी दोन वर्षं स्वप्न बघितलं होतं, तिथून मी पप्पांचा डबा, छत्री आणि जादाची बनियन घेऊन शिरले. दारावरच्या माणसाने पप्पांच्या छातीवर 'कलाकार' असा बिल्ला लावला आणि माझ्या छातीवर 'पालक' असा. मग बोट दाखवून म्हणाला, "आप उधर, बच्चा लोग की मम्मी के साथ बैठो."

मी बसले. बाकावर सगळ्या आयाच होत्या, कोणाचं मूल बिस्किटाच्या जाहिरातीसाठी आत गेलेलं, कोणाचं साबणाच्या. शेजारची बाई माझा बिल्ला वाचून मायेने जवळ सरकली.

"तुझं कोण आत गेलंय?"

"पप्पा."

तिने माझा बिल्ला परत वाचला. पण भली बाई होती. "पहिल्यांदाच?"

"हो."

"काळजी नको करू. पहिल्यांदा सगळेच रडतात."

"नाही हो काकी," मी म्हणाले, "रडले नाहीत तर घरी पाठवतील!"

आणि डबा मांडीवर घट्ट धरून, अख्ख्या उपवासकाळात केली नव्हती इतकी मनापासून मी प्रार्थना केली, की देवा, माझ्या पप्पांना आज भरपूर रडू येऊ दे.